माकड पुरलं, पण पातेऱ्याचं काय?

दोडामार्ग तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात:

"घराला लागूनच आमची काजूची बाग आहे. नऊ दिवसांपूर्वी गोठ्यामागच्या काजूखाली माकड मरून पडलेलं दिसलं. सासऱ्यांनी ते शेपटीला धरून उचललं आणि कोकमाजवळ खड्डा काढून पुरलं. सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला. दोन वर्षांपूर्वीही असंच एक पुरलं होतं, तेव्हा काही झालं नाही, असं घरातले म्हणतात. काल व्हाळाकडे (ओढ्याकडे) जाणाऱ्या वाटेवर दुसरं दिसलं. मी म्हटलं, कुणाला तरी कळवूया. शेजारचे काका म्हणाले, 'फॉरेस्टवाले येऊन पंचनामा करतील, ऐन हंगामात बाग बंद पडेल, त्यापेक्षा व्हाळात टाकून द्या.' नवरा रोज गोव्यात कामाला जातो, तो म्हणतो, तू यात पडू नकोस. मी माकडतापाबद्दल ऐकलं आहे, त्यामुळे सासऱ्यांना रोज तीनदा विचारते, बरं वाटतंय ना? आता ते चिडायला लागलेत. घरात सात वर्षांची मुलगी आहे, कुत्रा आहे, दोन गाई आहेत. मी उगाच घाबरतेय का? आणि कळवायचं तर सासूबाईंना न दुखावता कसं?"

ताई,

दुसऱ्या माकडाचा प्रश्न उत्तर छापून येईपर्यंत थांबणारा नव्हता, म्हणून 'हात लावू नका, व्हाळात टाकू नका, आजच कळवा' एवढा निरोप तुम्हाला आधीच पाठवला होता. त्यामागची कारणं इथे सविस्तर देते. तुमच्यासारखी पत्रं दर वर्षी जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान येतात, त्यामुळे ती इतरांच्याही उपयोगी पडतील.

उगाच घाबरताय का? नाही. पण तुमची भीती चुकीच्या माणसाभोवती फिरते आहे, असं मला वाटतं. तुम्ही सासऱ्यांवर लक्ष ठेवून आहात, कारण माकडाला हात त्यांनी लावला. मला मात्र तुमची काळजी वाटते. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की गोठ्यात अंथरायला पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा, रोज तुम्हीच झाडून आणता, आणि तोही त्याच काजूंच्या खालचा.

माकडतापाचा विषाणू माणसात येतो तो प्रामुख्याने गोचिडीच्या चावण्यातून. माकड जिवंत असतं तोवर गोचिडी त्याच्या अंगावर रक्त पीत असतात. ते मेलं, अंग गार पडलं, की त्या उतरतात आणि आसपासच्या वाळक्या पाचोळ्यात पसरतात. सासऱ्यांनी माकड उचललं तोवर त्यातल्या बऱ्याच बहुधा उतरून गेल्या असतील. खड्ड्यात गेलं ते कलेवर. गोचिडी काजूखालच्या पातेऱ्यातच राहिल्या, आणि तो पातेरा टोपलीत भरून घराकडे येतो. माणसाला जास्त करून चावतात त्या पूर्ण वाढ झालेल्या, गुरांच्या कानात फुगून बसलेल्या गोचिडी नव्हेत. चावतात त्यांची पिल्लं, नाचणीच्या दाण्याएवढी. ती दिसत नाहीत, चावलेलं कळतही नाही. म्हणून 'मला कुठे गोचीड चावली?' असं म्हणणाऱ्या माणसालाही हा ताप आलेला असतो.

सासऱ्यांचं म्हणाल, तर गोचीड चावल्यापासून ताप यायला साधारण तीन ते आठ दिवस लागतात. नऊ दिवस झाले, ते ठणठणीत आहेत, म्हणजे त्या दिवसापुरती काळजी बरीच उतरली. रोज तीनदा विचारणं थांबवा, त्यांनाही मोकळं वाटेल. फक्त तेही बागेत जातात, तेव्हा पुढची काळजी घरातल्या सगळ्यांनी सारखीच घ्यायची आहे.

आता 'दोन वर्षांपूर्वीही पुरलं होतं, काही झालं नाही' या युक्तिवादाकडे येऊ. तो खोटा नाही, अपुरा आहे. प्रत्येक मेलेलं माकड माकडतापानेच मेलेलं नसतं. विजेच्या तारेचा धक्का, कुत्र्यांचा हल्ला, झाडावरून पडणं, कुणीतरी टाकलेलं विष, म्हातारपण, कारणं पुष्कळ. दोन वर्षांपूर्वीचं कशाने गेलं हे तुम्हाला माहीत नाही, तसं या वेळचंही नाही. प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय नुसतं बघून ते कुणालाच सांगता येत नाही, आणि पुरून टाकलं की विचारायची वाटच बंद होते. शिवाय या वेळी नऊ दिवसांत, एकाच परिसरात, दोन माकडं मेली आहेत. एकटं मेलेलं माकड आणि लागोपाठ मेलेली माकडं यांत आरोग्य खातं फरक करतं. तुम्हीही करा.

हा आजार ओळखला गेला तोच मुळी मेलेल्या माकडांमुळे. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणली. त्यावरून विषाणूचा शोध लागला. पुढे कित्येक वर्षं तो त्याच टापूत राहिला. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीतल्या पाळी गावात रुग्ण सापडले, २०१६ मध्ये तुमच्याच तालुक्यात केर गावाकडे, आणि त्यानंतर सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या आसपास. गोव्याकडचे बरेच रुग्ण काजूच्या बागांत काम करणारे होते. काजूचा हंगाम आणि या गोचिडीच्या पिल्लांचा हंगाम एकच आहे, हे आपल्याकडचं दुर्दैव. माकडं माणसांच्या आधी आजारी पडतात, म्हणून मेलेल्या माकडाची खबर वेळेवर मिळाली तर आरोग्य खात्याला त्या गावात हातपाय हलवायला अवधी मिळतो. तुमच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे कलेवर व्हाळात गेलं, तर तो अवधी गेला. खाली पाणी भरणाऱ्या वाडीच्या वाट्याला घाण आली ती वेगळीच, आणि वाटेवरच्या पाचोळ्यात उतरलेल्या गोचिडी आहेत तिथेच राहिल्या.

काकांच्या बोलण्यातली वन विभागाची भीती मात्र मी झटकून टाकणार नाही. खेड्यात खाकी कपडे दारात आले की चार लोक बघतात, ते कुणाला आवडत नाही. पण कायदा काय म्हणतो ते बघा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३९ नुसार संरक्षित वन्य प्राणी मेलेला सापडला तर तो सरकारची मालमत्ता असतो, आणि असं काही आपल्या ताब्यात आलं तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचं असतं. मेलेला प्राणी दिसणं हा गुन्हा नाही. अडचणीत येतो तो लपवणारा, परस्पर विल्हेवाट लावणारा, कातडं-नखं-दात काढून ठेवणारा. म्हणजे कळवल्याने तुम्ही अडकत नाही, उलट न कळवल्याने अडकण्याची शक्यता अधिक. पंचनामा होईल, कुठे आणि कधी दिसलं ते विचारतील, सही घेतील. पहिलं माकड पुरल्याचंही सरळ सांगून टाका. श्रद्धेने पुरलं, माहिती नव्हती, हे खरं आहे आणि ते सांगायला लाजण्यासारखं काही नाही.

'बाग बंद पडेल' हेही पुन्हा तपासून बघा. आरोग्य कर्मचारी आले तर जिथे माकड मेलं त्याच्या भोवती कीटकनाशक पावडर मारतील, घरोघर तापाची विचारपूस करतील, अंगाला लावायचं तेल देतील. त्या तुकड्यात काही आठवडे जाऊ नका म्हणतील. चार-सहा काजूंखालच्या बिया या वर्षी गेल्या तर गेल्या. सगळी बाग सोडा असं मी तरी सांगणार नाही. वर्षाचा पैसा त्या तीन महिन्यांत हातात येतो, हे न समजणाऱ्याने दिलेला सल्ला कुणी पाळत नाही.

आणि एक गोष्ट, जपून बोलते. नारळ, केळी, काजू यांचं माकडं अतोनात नुकसान करतात आणि लोक त्यांना वैतागलेले असतात. कुठे कुठे विष ठेवलं जातं. शेजारच्या काकांनी काही केलं असेल असं मी अजिबात म्हणत नाही, पण गावात कुणी केलं असेल तर तेही तपासणीतच कळेल. ते कळणं तुमच्या कुत्र्याच्या, गाईंच्या आणि मुलीच्या हिताचं आहे. विषाने मेलेल्या प्राण्याला तोंड लावलेला कुत्राही मरू शकतो.

कळवायचं कुणाला? माझ्या मते तुमच्या घरासाठी सगळ्यांत सोपी वाट आशाताईंची. त्या गावातल्याच, तुमच्या घरी येऊन-जाऊन असलेल्या. त्यांना सांगितलं की निरोप प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो, तिथून वन विभाग आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात. तुमच्या घराने 'तक्रार केली' असं रूप त्याला येत नाही. ग्रामपंचायतीत सांगितलं तरी चालेल. वनरक्षकांचा नंबर असेल तर थेट त्यांना, नसेल तर वन विभागाची १९२६ ही मदतवाहिनी आहे. फोनवर जागा नीट सांगा, कधी दिसलं ते सांगा, याआधी एक मेलं होतं हे आवर्जून सांगा. शक्य असेल तर लांबून फोटो काढून ठेवा. वेळ लावू नका. उन्हात कलेवर कुजत जातं आणि मग त्याचे नमुने तपासणीला निरुपयोगी होतात. चांगल्या स्थितीत मिळालं तर पशुवैद्यक शवविच्छेदन करतात, नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेसारख्या प्रयोगशाळेत जातात आणि नंतर कलेवर जाळून टाकतात. हे जाळण्याचं काम त्यांचंच. फेब्रुवारी-मार्चच्या वाळक्या पातेऱ्यात घरच्या घरी सरण पेटवलंत तर माकड राहील बाजूला आणि बाग जळेल.

माणसं येईपर्यंत करायचं एवढंच की त्या वाटेवर काटेरी फांदी आडवी टाकून वाट बंद करा, मुलांना दुसऱ्या वाटेने पाठवा, कुत्रा बांधून ठेवा, गाई तिकडे चरायला सोडू नका. जवळ जाऊन झाकायलाही जाऊ नका. हातमोजे घातले की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. हातमोजे हात वाचवतात, गोचीड पायावरून चढते.

आता रोजचं. गोठ्यामागच्या आणि कोकमाजवळच्या त्या तुकड्यातला पातेरा या हंगामात उचलू नका. आधीच आणून गोठ्यात अंथरलेला असेल तर आरोग्य केंद्रातले लोक येतील तेव्हा त्यांना दाखवा आणि पुढे गुरांखाली भाताचा पेंढा घाला. पुरलेलं उकरून बघायला जाऊ नका. बागेत जाताना पूर्ण बाह्यांचा फिकट रंगाचा सदरा घाला, फिकट अशासाठी की त्यावर गोचीड दिसते. पँट मोज्यांत खोचायची. साडी किंवा गाऊनवर बागेत जात असाल तर या तीन महिन्यांपुरती मिस्टरांची जुनी पँट घाला, कुणी हसलं तर हसू द्या. आरोग्य केंद्रातून गोचीड दूर ठेवणारं तेल मिळतं का विचारा, ते उघड्या अंगाला लावून जा. बागेत भाकरी खायला बसाल तेव्हा पाचोळ्यात बसू नका. घरी आलं की कपडे दाराबाहेर काढून गरम पाण्यात टाका, साबण लावून कढत पाण्याने अंघोळ करा आणि अंग तपासा. कानामागे, काखेत, कमरेच्या नाडीखाली, जांघेत, गुडघ्यामागे. मुलीचे केस तुम्ही तपासा, तुमची मान सासूबाई तपासतील.

गोचीड सापडली तर रॉकेल, काडीची आग, चुना, तेल यांतलं काही नको. त्याने ती बिथरते आणि तिची लाळ जखमेत जास्त उतरू शकते. बारीक चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि पीळ न देता सरळ ओढा. नखाने चिरडू नका. गाईच्या अंगावरच्या गोचिडी बोटांनी काढून दगडावर चिरडायची आपल्याकडची सवय तर आजपासून बंद करा. गाईंना आणि कुत्र्याला गोचिडीचं औषध पशुवैद्यकांकडून लावून घ्या. गाईला हा आजार होत नाही आणि दुधातून तो पसरल्याचा पुरावा नाही, दूध बिनधास्त उकळून प्या. पण जंगलातून गोचिडी गोठ्यापर्यंत आणते ती गायच.

कुणाला एकदम जोराचा ताप आला, कपाळ फुटेल असं दुखलं, कंबर-पोटऱ्या पिळवटून निघाल्या, उलट्या झाल्या, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा आणि 'आमच्या बागेत माकडं मेली आहेत' हे वाक्य डॉक्टरांनी विचारायच्या आधी सांगा. डेंग्यू, लेप्टो, माकडताप, सुरुवातीला सगळे सारखेच दिसतात, त्या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते. दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या आणून खाऊ नका. रक्तस्राव होऊ शकणाऱ्या तापात अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेनसारख्या गोळ्या घातक ठरू शकतात. या आजारावर खास औषध नाही, लक्षणांप्रमाणे उपचार करतात, आणि बहुतेक रुग्ण बरे होतात. बाधितांपैकी साधारण ३ ते ५ टक्के दगावतात, म्हणून लवकर पोचणं महत्त्वाचं. माणसाकडून माणसाला तो लागत नाही, तेव्हा आजारी माणसाला वेगळं टाकायची गरज नाही. लसीबद्दल विचारलंत, तर कर्नाटकात वर्षानुवर्षं दिली गेलेली जुनी लस पुरेशी परिणामकारक ठरत नसल्याने थांबवावी लागली. सध्या भिस्त गोचीड चावू न देण्यावरच आहे.

सासूबाईंचा भाग मला सगळ्यांत नाजूक वाटतो. मारुतीचं रूप मानलेल्या जिवाला हळदकुंकू वाहणाऱ्या बाईला 'अंधश्रद्धा' म्हणून गप्प करू नका. आपल्याकडे कितीतरी गावांत वानराची अंत्ययात्रा निघते, तेराव्याचं जेवण होतं. माकड पिकाची नासधूस करतं हे माहीत असूनही माणसं हे करतात, यात काहीतरी मोठं आहे. तुम्ही त्यांना फक्त जागा बदलायला सांगा. फुलं-नारळ मारुतीच्या देवळात द्या, दिवा घरच्या देवापुढे लावा. आणि त्यांना विचारा, "आई, हा जीव कशाने गेला हे कळलं तर बाकीची माकडं आणि आपली माणसं वाचतील, मग कळवायला नको?" त्या नाही म्हणतील असं मला वाटत नाही. कदाचित सासऱ्यांना त्याच गप्प करतील.

नवऱ्याचं 'तू यात पडू नकोस' हे मी दोनदा वाचलं. ते काळजीपोटी आहे, की कळवण्याचा निर्णय सुनेने घेतला हे खटकतं म्हणून आहे, हे तुम्हालाच ठाऊक. पहिलं असेल तर वरची माहिती पुरेल. दुसरं असेल तर भांडण माकडावरून नाहीच, आणि ते या आठवड्यात मिटवायची गरजही नाही. त्यांना संध्याकाळी शांतपणे सांगा की मी आशाताईंना कळवलं आहे. विचारू नका, सांगा. पातेरा तुम्ही आणता, मुलगी तुमच्या मागे बागेत येते, तेव्हा यात तुम्ही आधीच पडलेल्या आहात.

इतर वाचकांसाठी थोडं. आपल्याकडे माकडताप नाही म्हणून शहरातल्यांनी निर्धास्त होऊ नये. एकाच ठिकाणी तीन-चार कावळे किंवा बगळे मेलेले दिसले तर हात न लावता महापालिका किंवा पशुसंवर्धन विभागाला कळवा. २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळ मुरुंब्याला कोंबड्या मेल्या, त्याच सुमारास राज्यात इतरत्र मेलेल्या कावळ्यांतही बर्ड फ्लू सापडला होता. कोल्हा, मुंगूस, वटवाघूळ मेलेलं असेल तर रेबीजचा विचार करा. उघड्या जखमेला किंवा डोळ्या-तोंडाला लाळ लागली असेल तर जखम साबणाने, डोळे-तोंड नुसत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठा. मेलेल्या नागाचं किंवा घोणसाचं डोकं काठीनेही चाळवू नका, मेल्यानंतर काही वेळ ते चावू शकतं. रस्त्यावर बिबट्या गाडीखाली गेलेला दिसला तर फोटोसाठी उतरून जवळ जाऊ नका. तो मेलेलाच आहे, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

ताई, तपासणीचा निकाल यायला वेळ लागेल आणि मधल्या काळात गावात चर्चा होईल. निकाल आला की आशाताईंकडून मागून घ्या, तो तुम्हाला सांगितला जावा असा आग्रह धरा. माकडताप नाही असं निघालं तरी या हंगामापुरते मोजे आणि अंघोळ सोडू नका. आणि आहे असं निघालं, तर पातेरा झाडणाऱ्या वाडीतल्या बाकीच्या बायकांपर्यंत ते पोचवायचं काम तुम्हीच करा. पावडर मारणाऱ्या माणसांपेक्षा त्या तुमचं लवकर ऐकतील.